दहाव्याचं अक्षर

दीपमालाला दोन अक्षरं यायची, एक लग्नाचं आणि एक दहाव्याचं. दोन्ही वडिलांनी, सावळीरामांनी शिकवलेली. रामकुंडाजवळच्या टपरीत बसून ते बोरूने पत्रिकांचे मथळे लिहीत. जुन्या पोथीतल्यासारखं वळण: उभी रेघ जाड, गोलाई केसाइतकी बारीक, टोकाला काट्यासारखी नखी. लग्नाच्या अक्षरात ती नखी वर उचललेली असे, दहाव्याच्या अक्षरात खाली झुकलेली. आसपासच्या गावांत मयताची पत्रं जात, ती बहुतेक याच झुकलेल्या अक्षरात.

लग्न होऊन ती गंगापूर रोडवर आली आणि सासरच्या छापखान्यात बसू लागली. छापखाना धाकट्या दिराचा, रविराजचा. मथळे दीपमाला लिही, खाली नाव छापखान्याचं. एकदा तिने नवऱ्याकडे विषय काढला, तर तो म्हणाला, "घरातल्या घरात कसलं गं तुझं-माझं?"

तिचे नमुने पत्र्याच्या पेटीत असत. लग्नाचे लाल दोऱ्यात बांधलेले, दहाव्याचे पांढऱ्या. तीन वर्षांपूर्वी ती लेकीच्या बाळंतपणाला मालेगावला गेली, तेव्हा रविराजने पेटी उघडली, वरचा गठ्ठा उचलला आणि पुण्याच्या एका माणसाकडून त्याचा कॉम्प्युटरवरचा फॉन्ट करून घेतला. नाव ठेवलं 'रविराज पोथी'.

परत आल्यावर स्क्रीन पाहताच तिला कळलं. त्याने पांढऱ्या दोऱ्याचा गठ्ठा नेला होता.

सांगणार होती ती. फॉन्टच्या प्रकाशनाचा कार्यक्रम उरकला की रविराजला बाजूला घेऊन सांगायचं, असं ठरवून नवी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसली. रविराज माईकवर म्हणाला, "ही अक्षरं मी दोन वर्षं खपून घडवली. घरच्यांची साथ होतीच. या आमच्या वहिनी, छापखान्यात पत्रिका चिकटवतात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीपमालानेही वाजवल्या, आणि सांगायचं होतं ते गिळून टाकलं.

मग ते अक्षर गावभर झालं. हॉटेलांच्या पाट्यांवर, वायनरीच्या बाटल्यांवर, बारशाच्या बॅनरवर. शहरातल्या नव्या माणसांना काय कळणार? 'भव्य उद्घाटन' अशी झुकलेल्या नखीची पाटी दिसली की तिला रिक्षात बसल्याबसल्या हसू येई. तिला घाई नव्हती. रविराजची मुलगी हर्षाली लग्नाची झाली होती.

स्थळ दिंडोरीचं ठरलं. मुलगा ओम, द्राक्षबागायतदाराच्या घरातला. रविराजने सातशे पत्रिका छापल्या, जाड कागदावर सोनेरी शाईत.

"कशी दिसते वहिनी?"

"शोभते तुम्हाला," दीपमाला म्हणाली.

हर्षालीवर तिचा राग नव्हता. पोरीला तिनेच न्हाऊमाखू घातलं होतं. त्या रात्री तिला झोप लागली नाही, पण ती उठून कुणाला काही बोललीही नाही.

पत्रिकेच्या पूजेला दिंडोरीची मंडळी आली. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची म्हणून ओमच्या आजीच्या, कुसाबाईंच्या हाती दिली. कुंकवात बुडवलेलं बोट म्हातारीने तसंच हवेत धरलं.

"हे काय दिलं रं माझ्या हाती?"

"पत्रिका आहे, आजी. ओमची," रविराज म्हणाला.

"मला वाचता येत नाय, म्हनून वळखताबी येत नाय का? आमच्या म्हाताऱ्याच्या दहाव्याचं पत्र आसंच व्हतं. माझ्या भावाचंबी आसंच. आसलं वाचून फाडायचं आसतं, देवापुढं नाय ठेवायचं!"

रविराज घाईने पुढे झाला. "आजी, ते... अक्षर माझं नाही. वहिनींचं आहे. त्यांचेच कागद होते."

सगळे दीपमालाकडे वळले. तिने पदर सारखा केला.

"असं कसं, भाऊजी? दोन वर्षं खपलात ना तुम्ही? फॉन्टला नाव तुमचं आहे. मी तर पत्रिका चिकटवते."

"वहिनी, पाया पडतो. सांगा ना यांना. चुकून दुसराच गठ्ठा गेला."

"गेला नाही, तुम्ही नेलात. मला न विचारता."

कुसाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "सावळीरामाची लेक का तू?"

"हो."

"मंग लग्नाचं अक्षरबी येत आसंल तुला."

"येतं ना."

"लिही मंग पोरी. आसली पत्रिका माझ्या घरात यायची नाय."

दाराशी उभी हर्षाली रडत होती. तिच्याकडे पाहून दीपमाला क्षणभर घुटमळली. मग तिने पेटीतून लाल दोऱ्याचा गठ्ठा काढला, मांडीवर पाट घेतला आणि बोरूला टोक करायला घेतलं.

"लिहिते. पण आजी म्हणाल्या तसं, आधी ही पत्रं फाडायला हवीत. तुम्हीच फाडा, भाऊजी. एकेक करून. तुमचं अक्षर आहे."

"सातशे?"

"मला घाई नाही."

रविराज पाहुण्यांसमोर जमिनीवर बसला. कागद जाड होता, एका झटक्यात फाटेना. दहाव्या-बाराव्या पत्रिकेला त्याच्या अंगठ्याची कड लाल झाली. चहा आला, पाहुण्यांनी घेतला, त्याचा कप तसाच निवला.

दीपमालाने कोऱ्या कागदाच्या अगदी तळाशी पहिली ओळ लिहिली: 'अक्षर : दीपमाला सावळीराम'. नख्या सगळ्या वर उचललेल्या. मग शाई वाळेपर्यंत ती हात गुडघ्यावर ठेवून त्याच्याकडे बघत बसली.

"ती अर्धीच फाटलीय, भाऊजी," ती म्हणाली. "पूर्ण फाडा."