कोणाचा विरोध?

इथे आखातात, सीबच्या मासळी बाजारात सुरमईचे तुकडे करून घेत होतो, तेव्हा नलिनीवहिनींचा फोन आला. "सलीमभाई, हे गेले," एवढंच म्हणाल्या. विलास शिफ्ट संपवून घरी आला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत खलास. सुरमई तिथेच टाकून मी गाडीकडे पळालो. त्याच्या घरी पोचेपर्यंत आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांचा ढीग पडला होता. 'मंडळाचा आधारवड हरपला.' आधारवड! ज्या माणसाला यांनी वर्षानुवर्षं विघ्नसंतोषी म्हटलं, तो घरातून बाहेर निघायच्या आत आधारवड झाला. किळस आली मला. त्याला जाऊन काही आठवडे झाले, ती किळस अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

विलास करंगुटकर मालवणकडचा, मी रत्नागिरीचा. तो समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर शिफ्ट इंजिनीअर, माझं वादी कबीरला गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. ओळख झाली ती मंडळाच्या वार्षिक सभेत. आमच्याकडे निवडणुकीची एक रीत आहे. सभेच्या आधी चार वजनदार माणसं कुणाच्या तरी घरी जेवता जेवता अध्यक्ष ठरवून टाकतात. सभेत नाव वाचतात, "कोणाचा विरोध?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता टाळ्या सुरू करतात. बिनविरोध झालं की आम्हाला केवढा अभिमान! परक्या मुलखात कसे एकोप्याने राहतो बघा! तर त्या सभेत टाळ्या सुरू व्हायच्या आत तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. हातात गाडीची किल्ली, जुडगा खुळखुळतोय. "माझा आहे. मीही उभा राहतो." दणकून हरला. पुढच्या वर्षी पुन्हा उभा, पुन्हा हरला. मग ते नेहमीचंच झालं. वहिनी वैतागायच्या. "किल्ली हातात धरूनच हात वर करतात, म्हणजे लगेच पळायला बरं! पण हळदीकुंकवाला बायका माझ्याशी धड बोलत नाहीत, त्याचं काय?" विलास नुसता हसायचा.

शुक्रवारी सकाळी तो माझ्या दुकानात यायचा. मागच्या खोलीत चहा, आणि चहाबरोबर अमेरिका. त्याची एकुलती एक मुलगी मुग्धा इथल्याच शाळेत शिकली, मग अमेरिकेला गेली आणि तिथलीच नागरिक झाली. तेव्हापासून लोक क्रिकेट बघतात तसं हा तिकडचं राजकारण बघायचा. राष्ट्राध्यक्षावर तो फारशा शिव्या खर्च करत नसे. "तो काय करणार ते सांगूनच आला होता रे!" त्याच्या सगळ्या शिव्या विरोधी पक्षाला. कुणी तिकडच्या सभागृहात निषेधाच्या पाट्या घेऊन बसलं की कपाळावर हात मारायचा. कुणी कडक शब्दांत पत्र लिहिलं की, "पत्र! लिहा, लिहा, अक्षर चांगलं काढा!" एकदा त्यांच्यातल्याच कुणा सल्लागाराने सांगितलं, आत्ता गप्प पडून राहा, समोरचा आपोआप चुकेल. ते ऐकून विलासने चहाचा कप असा आदळला की बशीचा टवका उडाला. "मेल्याचं सोंग घ्यायचं आणि त्याला स्ट्रॅटेजी म्हणायचं! कोर्ट वाचवेल, पुढची निवडणूक वाचवेल... लोकशाही म्हणजे काय प्लांट आहे, ऑटोवर टाकून झोपायला? अरे, प्लांटसुद्धा ऑटोवर टाकून झोपता येत नाही!"

आणि मग एका शुक्रवारी मुग्धाचा फोन आला. स्पीकरवर होता, मी समोरच. तिच्या गावात शाळांचा कारभार बघणाऱ्या बोर्डाची निवडणूक होती. एकच माणूस उभा, सत्ताधाऱ्यांचा. ग्रंथालयातली पुस्तकं काढून टाका, परक्यांच्या पोरांची कागदपत्रं तपासा, ही त्याची भाषा. विरोधी पक्षाच्या कचेरीत मुग्धा विचारायला गेली, तर ते म्हणाले, ती जागा हरायचीच आहे, आपण ताकद वाया घालवत नाही. "बाबा, इथे पण बिनविरोध! सो... मी उभी राहते. आय मीन, राहू ना?" मला वाटलं, हा आता खुर्चीवरून उडी मारतो. विलासचा चेहरा उतरला. "नको," म्हणाला. "तुझं नाव बघ, रंग बघ. तिथे लोक बंदुका बाळगतात, मुग्धा." ती म्हणाली, "मग तुम्ही का हात वर करता?" "माझं काय जातं? फार तर कोजागिरीच्या दुधाला बोलावत नाहीत!" फोन ठेवला आणि चहा न पिता उठून गेला.

पुढच्या शुक्रवारी आला तो डोळे सुजलेला, झोप नसलेला. आल्या आल्या फोन लावला. "उभी राहा. पण दाराला कॅमेरा लाव, आणि प्रचाराला एकटी फिरू नकोस." तिकडून मुग्धा रडत होती की हसत होती, कळेना. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "सलीम, भीती वाटते रे. जाम भीती वाटते. पण मीच तिला नको म्हटलं, तर त्या पाटीवाल्यांना कुठल्या तोंडाने शिव्या घालू?"

मतदान त्याला बघायला मिळालं नाही. बापाचं सगळं आटोपून मुग्धा परत गेली आणि घरोघर फिरली. हरली. पण समोरचा तो उमेदवार, ज्याला कधी कुणाच्या दाराशी जावं लागलं नव्हतं, त्याला दार न् दार ठोठावावं लागलं, लोकांसमोर उभं राहून उत्तरं द्यावी लागली. हे वहिनींनी मला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता तसा होता.

गेल्या आठवड्यात आमची वार्षिक सभा झाली. आधी विलासचा फोटो, हार, श्रद्धांजली. "दिलदार विरोधक" वगैरे सगळं झालं. वहिनी पहिल्या रांगेत न बसता तिसऱ्या रांगेत, त्याच्या जागी बसल्या होत्या. मग मावळते अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "करंगुटकरांच्या स्मृतीचा मान राखून यंदाची निवडणूक आपण बिनविरोध करूया." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याने जन्मभर एकच गोष्ट केली, तीच त्याच्या नावाखाली पुसायची, तीही हार घालून! आणि सभागृह माना डोलावत होतं. अध्यक्षांनी नाव वाचलं. "कोणाचा विरोध?" म्हणाले आणि का कोण जाणे, टाळ्या सुरू करायच्या आधी थांबले. सवय हो, दुसरं काय! इतक्या वर्षांत त्यांची नजर आपोआप तिसऱ्या रांगेकडे जायला लागली होती.

तिथून आवाज आला, जुडग्याचा. वहिनींचा हात वर होता. हातात विलासच्या गाडीची किल्ली.

"वहिनी, तुम्ही..." अध्यक्ष चाचरले. "पण मग समोर उमेदवार कोण?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "आणा, चिठ्ठ्या आणा."

मतदानाच्या चिठ्ठ्या कुणी आणल्याच नव्हत्या. मी कागद आणायला बाहेर धावलो. परत आलो तरी त्यांनी हात खाली घेतला नव्हता.