साडूंचं न चाखलेलं पुडिंग

स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल शंभर टक्के निर्धास्त अशी माणसं जगात दोनच प्रकारची: एक, ज्यांना उत्तम रांधता येतं ती, आणि दुसरे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान मूळचे नाशिकचे. नव्वदीच्या दशकात ते अहमदीत तेलाच्या पाइपलाइनी तपासत. मीही तेव्हा कुवेतातच होतो आणि दर शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जायचो. माझ्या पोटाचा आजचा घेर ही त्या शुक्रवारांची मिळकत. साडू शिऱ्याचा रवा भाजताना दर मिनिटाला त्याचा रंग कागदावर टिपून ठेवत. एका दिवाळीत त्यांनी चकल्यांची जाडी ऑफिसातल्या कॅलिपरनं मोजली आणि नापास झालेल्या चकल्या वेगळ्या डब्यात काढल्या. त्या मी संपवल्या. मला नापासांबद्दल पहिल्यापासून जिव्हाळा. पण एवढं सगळं तपासणारा हा गृहस्थ केलेला पदार्थ जिभेवर मात्र कधी ठेवत नसे. नैवेद्याआधी चाखायचं नाही ही त्यांच्या आईची शिकवण, आणि साडूंनी ती पाहुण्यांनाही लागू केलेली. "पाहुणा म्हणजे देवच ना? मग त्याला उष्टं वाढायचं?"

त्यांचे साहेब आयरिश. दुपारचा डबा खाताना ते हमखास आईच्या ब्रेड पुडिंगची आठवण काढायचे: शिळा पाव, दूध, अंडी, बेदाणे, सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं आणि वर व्हिस्की घातलेला गोड सॉस. आई गेल्यापासून तसं कुठं मिळालं नाही, म्हणायचे. साहेब निवृत्त होऊन मायदेशी निघाले तेव्हा साडूंनी हट्टच धरला, की ती चव घेतल्याशिवाय हा माणूस कुवेत सोडणार नाही. अडचण सॉसची होती. कुवेतात दारूला बंदी, आणि साडू असे पापभीरू की खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचून घेत.

"इथल्या वफ्राच्या मळ्यांतल्या खजुराचा पाक करतो, त्यात लोणी नि साय," ते म्हणाले. "घशाला झटका बसायला सुंठ."

"किती?"

"अंदाजानं."

साडूंच्या तोंडी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला आणि घाबरलो. "अहो, निदान चाखून तरी बघा! नाहीतर मी बघतो."

"तुमचं चाखणं म्हणजे अर्धं पातेलं. व्हा बाजूला."

शुक्रवारी साहेब आले. पहिला घास घेतला आणि थांबले. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. ताई माझ्याकडे बघायला लागल्या, मी दाराकडे. साडूंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग साहेब पुढे वाकून हळूच म्हणाले, "खरं सांग, बाटली कुठून मिळवलीस?"

ताईंनी आधी उठून खिडकी लावली. "साहेब, आलं! वाळवलेलं आलं!" म्हणत साडूंनी सुंठीचा डबाच त्यांच्या नाकाशी धरला. साहेबांनी हुंगलं, ते सणसणीत शिंकले आणि हसत सुटले. चौथ्यांदा वाटी पुढे करताना म्हणाले, "आईचं असं नव्हतं. पण ती गेल्यापासून माझ्यासाठी कुणी केलंही नव्हतं."

पुढे दर डिसेंबरात साहेबांचं कार्ड यायचं, त्यात एकच ओळ: सुंठ संपली. साडू पुडी पाठवायचे. आता साडू नाशिकला असतात. तिथं बाटली मिळते. मी एकदा नेलीसुद्धा, तर त्यांनी ती बघून न बघितल्यासारखं केलं आणि सुंठ कुटत राहिले. काही वर्षांपूर्वी कार्ड यायचं थांबलं. तरी डिसेंबरात पुडिंग होतंच, आणि मी वाटी धुऊन तयार असतो. पहिली वाटी मात्र माझ्यापुढे येत नाही, ती देवघरात जाते. "आधी साहेब," साडू म्हणतात, आणि तोवर ना स्वतः चाखत, ना मला चाखू देत.