ताईची चाळीस वाक्यं

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस अबोल. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर बाहेरून "आलो" एवढंच म्हणायचे. घरातलं बोलण्याचं खातं ताईकडे होतं. पक्षाघातानं तिची वाचा गेली आणि घरच मुकं झालं. डावा हात तेवढा चालत होता आणि वाचता येत होतं. वर्तमानपत्र ती शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची.

भाऊजींनी तिच्यासाठी एक डबा केला. लिफ्टची दोन जुनी बटणं, छोटा पडदा, आत एक चिप. एक बटण दाबलं की पुढचं वाक्य, दुसरं दाबलं की घंटा. पडद्याला मराठी येत नव्हतं, म्हणून प्रत्येक वाक्याचं ठिपक्यांचं चित्र आकड्यांच्या रांगेत मांडून चिपमध्ये भरलं. वाक्यं पाच: पाणी हवं, औषध हवं, दुखतंय, दिवा बंद करा, कूस बदला.

मी भडकले. "भाऊजी, जिनं जन्मभर तुम्हाला फैलावर घेतलं, तिनं आता नुसतं मागतच बसायचं?"

त्यांनी वही काढली. मी ताईची बोलणी आठवून सांगत गेले, ते लिहीत गेले. आधीची पाच धरून चाळीस वाक्यं झाली. चिपची कामाची मेमरी टीचभर, त्यात ती मावेनात. प्रोग्राम राहतो ती मेमरी मोठी, म्हणून चित्रं तिकडे हलवली आणि उतावळ्या नवऱ्यानं न तपासताच डबा ताईपुढे ठेवला.

ताईनं बटण दाबलं. पडद्यावर नुसते ठिपके सांडलेले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिनं उशाजवळचं वर्तमानपत्र बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं, आता वाचणंही गेलं.

"ताई, डबा बिघडलाय गं, तू नाहीस!" ती वळली नाही.

भाऊजी टेबलाशी बसले. ताट झाकलेलंच राहिलं. दुपारी तीन वाजता त्यांनी कपाळावर हात मारला. "घर नंबर बरोबर, गल्ली चुकली!" दोन्ही मेमऱ्यांत घरांचे नंबर सारखेच. मोठीतून वाचायला वेगळी आज्ञा लागते. भाऊजींनी नेहमीचीच दिली, म्हणून त्याच नंबरावर छोटीत पडलेला कचरा पडद्यावर आला. त्यांनी आज्ञा बदलली, या वेळी चाळीसही वाक्यं तपासली आणि पलंगाशी गेले.

"माझं चुकलं होतं," ते म्हणाले. "तुझं काही गेलेलं नाही. बघ ना एकदा."

एवढं लांब बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. ताईनंही नसावं. ती वळली. पडद्यावर 'पाणी हवं' आलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मग ती बटण दाबत सुटली. पाणी, औषध, दिवा, सगळं मागे पडलं. बऱ्याच वेळानं ती थांबली आणि घंटा वाजली.

भाऊजींनी वाकून वाचलं, मान खाली घातली आणि मुकाट्यानं झाकलेल्या ताटावर जाऊन बसले.

मी पडदा पाहिला. 'आधी जेवून घ्या, किती वेळा सांगायचं?'