मामंजींचे हात
माझे सासरे चाळीस वर्षं गावाच्या झऱ्याचे पुजारी आहेत. झऱ्यात भांडं बुडवायचा मान फक्त त्यांचा, म्हणून दिवसातून इतक्यांदा हात धुतात की बोटांची कातडी कायम सुरकुतलेली. नखात मातीचा कण दिसला तरी दिवसभर स्वतःवर चिडतात.

मी आरोग्य केंद्रात काम करते. माझी जीभ तिखट आहे असं गाव म्हणतं. म्हणू दे. दोन महिन्यांत अकरा पोरं जुलाबाने केंद्रात आली आणि बारावी माझी, आठ महिन्यांची. आजोबा रोज सकाळी तिला झऱ्याचं चमचाभर पाणी पाजायचे, अगदी मायेने, आणि मी दातओठ खात बघत बसायचे.

"मामंजी, वरच्या वस्तीचे संडास झऱ्याच्या डोक्यावर आहेत. पाणी खराब झालंय."

"देवाचं पाणी आहे ते. माझा बाप तेच पिऊन नव्वदीला टेकला."

"आणि त्यांची भावंडं किती पाळण्यातच गेली?"

ते उठून हात धुवायला गेले. नवरा म्हणाला, पुरे. तो नेहमी पुरेच म्हणतो.

केंद्रात तपासणीची एक बाटली असते. पाणी भरून ठेवायचं. त्यात घाण असेल तर दुसऱ्या दिवशी ते काळं पडतं. ती मी मामंजींपुढे ठेवली. "तुम्हीच भरा. देवासमोर ठेवा, शेजारी बसा. काळं पडलं नाही तर पुन्हा तोंड उघडणार नाही." ते लगेच कबूल झाले. माझ्यासमोर तीनदा साबणाने हात धुतले, मगच बाटली भरली. त्यांच्या मनात शंकेला जागाच नव्हती आणि मला त्याचीच धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर गाव जमलं. बाटली काजळासारखी काळी पडली होती. मामंजींनी ती उचलून उजेडात धरली.

"झऱ्याचा दोष नाही," ते म्हणाले. "माझे हात अशुद्ध होते."

सगळ्यांना हायसं वाटलं. पुजाऱ्यावर ठपका आलेला चालतो, देवावर नाही. सरपंचांनी तिथल्या तिथे मामंजींचा मान काढून आपल्या भावाला दिला, आणि भांडी घेऊन पुन्हा रांग लागली.

मी तरातरा घरी आले. मागोमाग मामंजी आले. बाटली अजून त्यांच्या हातातच होती. ती खाली ठेवून त्यांनी चमचा घेतला. मी पोरीला छातीशी घट्ट धरलं. पण झऱ्याच्या तांब्याकडे न जाता त्यांनी माझ्या उकळलेल्या पाण्यात चमचा बुडवला.

"म्हणजे तुम्हाला पटलंय," मी म्हणाले.

त्यांनी चमचा पोरीच्या ओठांना लावला.

"आपली वाचेल. बाकीच्या अकरांचं काय, मामंजी? त्यांना आजोबा नाहीत?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग बाटली उचलून बाहेर पडले. पोरीला कडेवर घेऊन मी मागे धावले.

रांगेतून सुताराची बायको भरली घागर घेऊन निघत होती. मामंजींनी बाटली जमिनीवर टेकवली आणि घागरीच्या तोंडावर हात ठेवला. सरपंच ओरडले, "तुमचा काय संबंध आता?"

"काल माझे हात स्वच्छ होते," मामंजी म्हणाले. "मघाशी मी खोटं बोललो."

मग त्यांनी तिच्या हातून घागर घेतली आणि सगळ्यांसमोर पालथी केली.