पिंजाऱ्याने पाहिलेले दोन सिनेमे

कापसाला भाव मिळत नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. कळंबला आमच्या अंगणात तो गाद्या-उशा पिंजायला आला होता. नाव मी विचारलं नाही. भुवयांवर कापूस बसल्यामुळे तरुणपणीच म्हातारा दिसत होता. पिंजताना एखादी चुकार सरकी सापडली की अलगद उचलून खिशात टाकायचा.

मी नुकतेच यवतमाळला दोन सिनेमे पाहिले होते. पहिल्यात कापूस पिकवणाऱ्याची दैना पाहून रुमाल भिजवला, दुसऱ्यात पोट धरून हसलो. योगायोगाने त्यानेही तेच दोन पाहिले होते.

"पयल्यात मले लय हासू आलं," तो म्हणाला.

"काहून?"

"हिरो कापूस येचते अन् छातीशी धरून रडते. भाऊ, त्या कापसात सरकीच नाई! दवाखान्यातला कापूस झाडाले चिकटवला होता. मी हासलो तं बाजूचे माह्यावर खेकसले."

"आणि दुसरा?"

पिंजणाची तार थांबली. "त्यात नवरा-बायको उशा फेकून मारते. उशा फाटते, घरभर कापूस. सारी टाकीज हासून राह्यली होती, मले रडू आलं. इतका झकास पिंजलेला कापूस, भाऊ! कोनाचे तरी दोन दिवस गेले असन त्यात."

तिथेच मी सगळ्यांत जोरात हसलो होतो, हे त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी तयार झालेली पहिली उशी मी सवयीने दारातूनच आत भिरकावली. त्याने छातीवर हात ठेवला.

"भाऊ, तुमी बी होते काय त्या पिक्चरमंदी?"

बाकीच्या उशा मी एकेक करून, दोन्ही हातांवर आत नेल्या.