गोळी कुटायची नव्हती

गोळीत औषध किती असतं हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. वसई पूर्वेच्या एका गोळ्यांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं पीठ मळलंय. हो, पीठच म्हणायचं. औषधाची पूड असायची चिमूटभर, बाकी सगळा भरणा मक्याच्या स्टार्चचा आणि दुधाच्या साखरेचा. स्टार्चची खळ शिजवायची, ती गरम असतानाच भुकटीत ओतून भाकरीच्या पिठासारखं मळायचं, जाळीतून दाणे पाडायचे, ट्रेमध्ये वाळवायचे. मग ते दाणे मशीनमध्ये दाबून गोळ्या निघायच्या. खळ पुरेशी झाली का, हे हातानेच कळायचं. मुठीत दाबायचं, लाडवासारखं वळलं आणि अंगठा लावल्यावर भुगा न होता दोन तुकडे झाले की थांबायचं. नव्या बायकांचं पीठ बिघडलं की सुपरवायझर त्यांना माझ्याकडे पाठवायचा. "मावशींची मूठ काय म्हणते ते बघून या," म्हणायचा.

तयार गोळी पाण्यात टाकून बघायचे. पंधरा मिनिटांत फुटून विरली नाही तर तो माल नापास. काही गोळ्या पुढे रंगवायला जायच्या. संक्रांतीचा हलवा हलवतात ना, तशी मोठी तिरकी कढई फिरत असायची, वरून साखर आणि रंग. आम्ही बायका त्याला गोळीचा शृंगार म्हणायचो. कडू लागू नये आणि दिसायला बरी, एवढंच त्याचं काम. आमच्या कारखान्यात खरोखर एवढंच होतं.

हे सगळं सविस्तर सांगते, कारण याच माहितीच्या जोरावर मी माझ्या नवऱ्याला पाडलं.

त्यांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. आमची उमेळ्याला केळीची वाडी, आता बिल्डिंगा उठल्यात, घरामागे चार रांगा राहिल्यात तेवढ्याच. झटक्यानंतर त्यांनी एकच धरलं होतं, त्या चार रांगांपर्यंत आपल्या पायांनी जायचं. काठी घेऊन ओट्यापासून तुळशीपर्यंत यायला लागले होते. रोज दोन पावलं जास्त. पण गिळायला त्रास व्हायचा. प्रेशरची गोळी घशात अडकायची, ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे. मला ते बघवेना.

सून म्हणाली, "आई, डॉक्टरांना विचारू या का, दुसरं काही देतात का?"

"अगं, त्यात विचारायचं काय? वरचा रंग नि आतला स्टार्च, पोटात जाऊन पीठच होतंय ना? आपण बाहेर करू."

आणि मी खलबत्ता काढला. पिकलेलं वेलची केळं कुस्करायचं, त्यात पूड मिसळायची, चमच्याने भरवायची. ठसका नाही, काही नाही. हे म्हणाले, "इतकी वर्सं बनवल्यास, आता फोडत बस." मी हसले. मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

दोन-तीन दिवसांत हे सकाळचे गळून जायला लागले. गोळी घेतली की तासाभराने घेरी. मी म्हटलं अशक्तपणा आहे, भाताची पेज वाढवली. चौथ्या दिवशी तुळशीपाशी पोचले आणि उभ्याचे खाली आले. काठी एकीकडे, हे एकीकडे. खुबा मोडला.

हॉस्पिटलमधली डॉक्टर माझ्या नातीच्या वयाची. प्रेशर फारच खाली गेलंय म्हणाली. मग विचारलं, "आजी, गोळी कशी देता?"

मी सांगितलं. कारखान्याचंही सांगितलं, न विचारता.

तिने आम्ही नेलेली औषधांची पिशवी उपसली. मग तिने रिकामी पट्टी माझ्यापुढे धरली. "नावापुढे ही दोन अक्षरं आहेत ना, त्याचा अर्थ ही दिवसभर थोडी थोडी सुटणारी गोळी आहे. कुटली की दिवसभराचं औषध एकदम पोटात गेलं."

"पण बाय, औषध तर तेवढंच ना?"

"तेवढंच. त्याला धरून ठेवणारं तुम्ही मोडलंत, आजी."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी त्याच औषधाची उरलेली एक अख्खी गोळी वाटीभर पाण्यात टाकली आणि दुपारभर समोर बसले. फुटली नाही. हळूहळू फुगली, सब्जाच्या बीसारखा तिच्याभोवती बुळबुळीत पापुद्रा धरला आणि तशीच पडून राहिली. आमच्याकडे असली गोळी नापास झाली असती. इथे कुणीतरी मुद्दाम, डोकं लावून ती तशी केली होती. ज्याला आम्ही भरणा म्हणायचो, तोच इथे सगळं सांभाळत होता. बावीस वर्षं ते पीठ माझ्या हाताखालून गेलं आणि मला हे ठाऊक नव्हतं.

ऑपरेशन झालं. पण झटक्याचा पाय तोच आणि मोडलेला खुबाही त्याच अंगाचा. आता उभं राहायचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागच्या खिडकीतून केळीची पानं दिसतात. हे तिकडे तोंड करून झोपत नाहीत.

डॉक्टरांनी प्रेशरची गोळी बदलून साधी दिली, दिवसातून दोनदा, कुटली तरी चालेल अशी. औषधांचा डबा सुनेने आपल्या ताब्यात घेतला. घ्यायलाच हवा होता. पण तिने चमचा पुढे केला की हे ओठ घट्ट मिटायचे. पहिल्या दिवशी वाटलं, गिळता येत नाही. दुसऱ्या दिवशी चांगल्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

मी म्हटलं, "माझ्या हातचं नको. माझ्यामुळे पडलात तुम्ही."

"मना ठाव हाय," म्हणाले. "दे."

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ सून पट्टी हातात धरून नाव मोठ्याने वाचते, कुटली तर चालेल ना असं मी दोनदा विचारते, ती दोनदा हो म्हणते, मग मी कुटते. केळ्यात कालवून भरवते. चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मं केळं चादरीवर सांडतं. हे तोंड उघडं ठेवून थांबून राहतात.