खंडेनवमीची माळ

सुमंत आपटीकर आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा मला ते अजिबात आवडले नाहीत. समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी ते त्याच्या हातांकडे बघत. दूधवाला असो की प्लंबर, नजर आधी बोटांवर. कारखाना निरीक्षक म्हणून जन्म काढलेला माणूस, रिटायर झाला तरी खोड जायची नाही, असं मी बायकोला म्हणायचो. आमच्या लिफ्टची जाळी, गॅसची नळी, मिक्सरची वायर, त्यांनी काहीच सोडलं नव्हतं.

मूळचे वाईचे. लाच सोडाच, कारखान्यातला चहाही कधी घेतला नाही, असं त्यांची बायको चारुशीलावहिनी सांगायच्या. घरात झेंडू मात्र वर्ज्य. एका दसऱ्याला मी हौसेनं माळ नेऊन दिली, तर त्यांनी ती जिन्यात ठेवली आणि दार लावून घेतलं. मला रागच आला. तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

बारा वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये ते तपासणीला गेले, तो नेमका खंडेनवमीचा दिवस. मशीनं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून पुजलेली. त्या दिवशी कुणी ती चालवत नाही. पत्रा कापायच्या प्रेसच्या तोंडावर झेंडूची जाडजूड माळ होती. हात आत जाऊ नये म्हणून तिथं जाळी लागते, तिला गार्ड म्हणतात. तो आहे का, एवढंच बघायचं होतं. मालकाची आई मनुबाई हात जोडून आडवी आली. पूजा मोडू नका म्हणाली. साहेबांनी म्हातारीचा मान राखला आणि रिपोर्टात लिहिलं, गार्ड आहे.

चौथ्या दिवशी अर्जुना नावाच्या कामगाराचा उजवा हात त्या प्रेसनं मनगटापासून नेला. मालकानं तासाभरात गार्ड आणून बसवला आणि साहेबांचा रिपोर्ट पुढं केला. गार्ड होता, अर्जुनानंच काढला, असं ठरलं. साहेबांना खरं कळलं होतं. नोकरीच्या भीतीनं ते गप्प बसले.

तेव्हापासून त्यांना पत्र्यावरचा ठोका ऐकू आला तरी दचकायला होई. झेंडूच्या वासानं जेवण जाईना. गेल्या वर्षी एका सकाळी ते माझ्याकडे आले. आटपाडीला, अर्जुनाच्या गावी, सोडता का, म्हणाले. खिशात सही केलेला कबुलीचा कागद होता. अर्जुनाला खरं सांगितल्याशिवाय मला मरता यायचं नाही, असं ते गाडीत दोनदा बोलले.

अर्जुना घरासमोर शेळ्यांना पाला टाकत होता, डाव्या हातानं. त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, चहा आणला. साहेबांनी तो घेतला, पण ते प्यायले नाहीत. मी माळ सारून बघितलं नाही, गार्ड नव्हता, चूक माझी, एवढं बोलून त्यांनी कागद पुढं केला. आता अर्जुना शिव्या देईल, असं मला वाटलं. द्यायला हव्या होत्या.

त्यानं कागद घडी करून मांडीखाली ठेवला.

"ठावं हाय, सायेब. ती माळ मीच बांधली हुती. मालक म्हनला, काय दिसू दिऊ नगंस." मग त्यानं उरलेला पाला शेळ्यांपुढं सारला. "मी मुद्दाम सैल बांधली. वाटलं, तुमी जरा बोट लावून बघशीला."